कवीनं कवीला जागा कुठं दिली?

कवीनं कवीवर कविता लिहिली की लोक म्हणतात, वा, काय दोस्ती! मी तसल्या कवितेत एकच गोष्ट बघतो. लिहिणाऱ्यानं दुसऱ्याला जागा कुठं दिली? शेजारी, डोक्यावर, का दाराबाहेर?

चोखामेळ्याचं बघा. जन्म देऊळगावराजाजवळच्या मेहुणाराजाचा मानतात, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या शिवेवरचा. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळली अन् कामावरच्या महारांबरोबर चोखाही गाडला गेला. परंपरा सांगते, नामदेव तिथं गेला. ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती चोख्याची म्हणून त्यानं उचलली, पंढरपूरला आणली. नामदेवाच्या नावावर चोख्याचे अभंग आहेत, ते आजही कीर्तनात रडवतात. रडू यावं असंच आहे ते. एका शिंप्यानं महाराची हाडं पदरात घेतली, त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

पण मी गिरणीतला माणूस. मला दुसरंच दिसतं. ज्या हाडांतून नाव आलं नाही, त्यांचं काय झालं? त्याच भिंतीखाली तीही होती. त्यांनाही बायकापोरं असतील. या कथेत त्यांना जागा नाही. अन् भिंत कोणासाठी बांधली जात होती, हेही कथेत कोणी विचारत नाही.

चोख्याला जागा मिळाली, पण कुठं? महाद्वारासमोर, बाहेर. तिथंच नामदेवाची पायरी आहे. दोघं समोरासमोर, बघणाऱ्याला समता वाटते. पण नामदेव आत जाऊन आलेला माणूस. संतांच्या पायाची धूळ लागावी म्हणून त्यानं पायरी मागून घेतली, असं सांगतात. चोख्याला मागायचा प्रश्नच नव्हता. एकाची ती नम्रता, दुसऱ्याची ती हद्द. ते दार दलितांना उघडायला 1947 साल उजाडावं लागलं, अन् त्यासाठी साने गुरुजींना उपास करावा लागला. सहाशे वर्षं अभंग गायले गेले, दार काही हललं नाही.

तिकडं इंग्लंडातही भांडण जागेवरूनच झालं. शेक्सपिअर 1616 साली मेला, आपल्या गावी पुरला गेला. विल्यम बॅस नावाच्या कवीनं कविता लिहिली, की चॉसर, स्पेन्सर, बोमाँट या पुरलेल्या कवींनी जरा सरकून शेक्सपिअरला जागा करून द्यावी. 1623 साली शेक्सपिअरची नाटकं एका ग्रंथात निघाली, तेव्हा बेन जॉन्सननं तिथंच उत्तर दिलं : कोणाला सरकवायची गरज नाही, त्याचं पुस्तक आहे तोवर तो जिताच आहे.

हा जॉन्सन कोण? सावत्र बाप गवंडी, त्यानं स्वतः विटा रचलेल्या. विरोधी कवी त्याला त्यावरून हिणवायचे. म्हणून असेल, त्याच कवितेत तो स्तुती करता करता सांगतो, की कवी नुसता जन्मत नाही, घडवावाही लागतो, अन् ओळ ऐरणीवर पुन्हा तापवून ठोकावी लागते. शेक्सपिअरचं लॅटिन तोकडं होतं हेही सांगून टाकतो. पुढं आपल्या टिपणात तर म्हणतो, यानं हजारेक ओळी खोडल्या असत्या तर बरं झालं असतं. माणसावर प्रेम होतं, हेही तिथंच लिहितो. मला ही खरी दोस्ती वाटते. कामावरचा जोडीदार धागा तुटला की आधी सांगतो, मग तंबाखू पुढं करतो.

असं बोलणं आपल्याकडंही होतं, चोख्याच्या घरातच होतं. सोयरा, निर्मळा, बंका, कर्ममेळा, सगळं घर कवी. चोखा आपल्या जन्माचा दोष पूर्वकर्मावर घालतो. पोरगा कर्ममेळा ते ऐकून गप्प बसत नाही, देवालाच जाब विचारतो. बापाला हार घालण्यापेक्षा बापाचा प्रश्न पुढं नेणं, हे मोठं काम आहे. पोरानं ते केलं.

अन् चोख्याला पायरीवरून उचललं कोणी? बाबासाहेबांनी. 1948 सालचा ‘द अनटचेबल्स’ त्यांनी नंदनार, रविदास अन् चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. भक्तीचा रस्ता बाबासाहेबांचा नव्हता, तरी माणूस आपला म्हणून त्यांनी त्याला पुस्तकाच्या सुरुवातीला जागा दिली. आत पुढं अस्पृश्यता आली कुठून, याचा शोध आहे. म्हणजे जागाही दिली अन् प्रश्नही सोडला नाही.

दोस्तहो, आज वामनदादांवर, नामदेव ढसाळांवर ढिगानं कविता येतात. सूर्य, ज्वालामुखी, महाकवी. ही पायरीच आहे, जरा उंच बांधलेली, एवढंच. तुम्ही लिहाल तेव्हा त्यांची कुठली ओळ तुम्हाला पटली नाही, तेही लिहा. अन् भिंतीखालच्या बाकीच्या माणसांची नावं विसरू नका.

जयभीम.