वेरूळचे दगडी वासे आणि माळवदाचे खांब

वेरूळच्या दहाव्या लेण्यात शिरून वर पाहणाऱ्यास प्रथम असा भास होतो, की आपण डोंगराच्या पोटात नसून एखाद्या प्रचंड लाकडी छपराखाली उभे आहोत. कमानदार वासे ओळीने एकामागून एक गेले आहेत, आणि ते सारे दगडात कोरलेले! सातव्या शतकाच्या सुमाराच्या या चैत्यगृहास लोक सुताराची झोपडी म्हणत आले, व पूर्वी सुतारमंडळी येथील बुद्धमूर्तीस विश्वकर्मा मानून तिच्या पूजेस येत. पंडित या समजुतीस हसतील. आम्हांस मात्र तीत मर्मज्ञताच दिसते. काम पाथरवटाचे असले तरी कल्पना सुताराची आहे, हे त्या भाविकांनी अचूक ओळखले होते.

तथापि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हे वासे काहीही तोलून धरीत नाहीत. ते छिनून काढले तरी डोंगर खाली येणार नाही. कार्ल्याच्या लेण्यात खरे सागवानी वासे अद्याप जागेवर आहेत, परंतु तेथेही भार वाहतो तो खडकच. लाकूड भार कसा वाहते हे ज्यास पाहावयाचे असेल, त्याने लेण्यांची वाट सोडून मराठवाड्यातील एखाद्या जुन्या शेतकऱ्याच्या माळवदाखाली जाऊन बसावे.

तळखड्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलचण, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दोन खांबांमधील अंतर तो खण. घर केवढे, असे विचारल्यास फूट-वार न सांगता इतक्या खणांचे असे सांगावयाचे. माणसांचा सोपा आणि बैलांचा गोठा एकाच मापाने मोजला जावा, यात जी सरळ प्रतिष्ठा आहे ती आम्हांस कोणत्याही नक्षीहून मोलाची वाटते. इंग्लंडातही जुन्या लाकडी कोठारांची गणना अशीच होते. लंडनच्या पश्चिमेस हार्मण्ड्सवर्थ येथे १४२६ च्या सुमारास उभारलेले ओकच्या लाकडाचे कोठार बारा खणांचे आहे, व कवी जॉन बेट्जमन यांनी त्यास कॅथिड्रलची उपमा दिली. आमच्या गोठ्यास कोणी कैलासाची उपमा दिल्याचे ऐकिवात नाही.

परंतु माळवदावर एक गंभीर आरोप आहे, आणि तो टाळून केलेली स्तुती अप्रामाणिक ठरेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली, ती बहुतांशी आपल्याच घराच्या दगडमातीखाली. तेव्हापासून या घराचे नाव काढले की अंगावर काटा येतो, आणि तो यावा हे स्वाभाविकच आहे. मात्र दोष कोणाचा, हे नीट पाहिले पाहिजे. फुटल्या त्या चिखलात रचलेल्या जाड भिंती. त्यांच्या आतबाहेरच्या दोन थरांस जोडणारे आरपार दगडच नव्हते. पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यास धाब्यावर नवी माती घालावयाची, जुनी मात्र काढावयाची नाही, या रीतीने कित्येक घरांवर दीड-दोन फुटांचे ओझे साचले होते. जेथे छत भिंतीवर नसून खांबांवर होते, तेथे भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणे आहेत.

सुतारही सर्वस्वी निर्दोष नाही. इंग्रजी कोठारात खांब व तुळई यांच्या कोनात तिरपे दांडे असतात, त्यामुळे सांगाडा आडवा हिसका सोसतो. आमच्या सुताराने उभा भार उत्तम जाणला. आडव्या हिसक्याचा विचार त्याने फारसा केला नाही. भूकंपानंतर तज्ज्ञांनी जे उपाय सुचविले ते नेमके हेच होते: माती उतरवा, भिंतींत आरपार दगड घाला, कोनांत तिरपे दांडे बसवा. रोग ओळखला गेला होता व औषधही महाग नव्हते. पण भ्यालेल्या माणसास जुने घर दुरुस्त करण्यापेक्षा सिमेंटचे नवे घर अधिक भरवशाचे वाटले. त्यास आम्ही नावे ठेवणार नाही. ज्याच्या घरातील माणसे गेली त्यास वास्तुकलेचे धडे कोणी द्यावे?

आमची तक्रार निराळ्या मंडळींशी आहे. वेरूळच्या दगडी वाशांचे गुणगान करणारे आम्ही रसिक, ते वासे ज्या सुतारकामाची नक्कल आहेत त्याच्या हयात वंशजांकडे वळून पाहात नाही. माळवदे उतरविली जात आहेत, आणि जुन्या सागवानास गिऱ्हाईक तत्काळ मिळते. कोरीव खांब मग शहरातील एखाद्या उपाहारगृहात शोभेस उभा राहतो, आणि त्याच्या माथ्यावरचे छत त्याच्यावाचूनच तोललेले असते.