पहारेकरी विसरतो तेव्हा

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. बर्फामुळे शाळा बंद होती आणि माझे ऑफिसचे कामही घरूनच चालले होते. दुपारी चहाचा कप घेऊन तळघरात उतरलो, तर आमचे चौदा वर्षांचे चिरंजीव माझ्याच आग्रहावरून एक जुना खेळ खेळत बसले होते. खेळाचे नाव ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’, साल १९९८. पडद्यावरचा चोर एका सरदाराच्या वाड्यात शिरला होता. त्याने पाण्याचा बाण मारून भिंतीवरची मशाल विझवली. दहा पावलांवरच्या पहारेकऱ्याला त्याचे काहीच वाटले नाही. पुढे फरशीवर चोराचा पाय वाजला, तसा पहारेकरी दचकला, तलवार उपसून कोपरे धुंडाळू लागला, आणि थोड्या वेळाने स्वतःशीच पुटपुटत पुन्हा आपल्या फेऱ्या घालू लागला.

“बाबा, हा अगदीच मठ्ठ आहे,” चिरंजीव म्हणाले. “कुठला खरा वॉचमन एका मिनिटात सगळं विसरतो? काहीच रिअलिस्टिक नाही.”

उत्तर द्यायला मी तोंड उघडले आणि लक्षात आले की आपल्यापाशी धड उत्तर नाही. वास्तविक माझी पीएच.डी. याच विषयाच्या जवळपासची. गोंगाटातून खरा संकेत कसा वेगळा काढायचा यावर मी उमेदीची पाच वर्षे घालवली आहेत. पहारेकऱ्याने चोर कसा ओळखावा हाच माझ्या प्रबंधाचा विषय होता म्हणा ना! तेव्हा हा लेख म्हणजे मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

जे वाचक या वाटेला गेलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. व्हिडिओ गेम म्हटले की धडाधड गोळीबार आपल्या डोळ्यांपुढे येतो. ‘स्टेल्थ’ नावाची जात याच्या उलट आहे. इथे खेळणारा दुबळा असतो आणि शत्रू संख्येने भारी. लढायचे नाही, लपायचे, वाट पाहायची, पहारेकऱ्याची पाठ फिरली की दबक्या पावलांनी पुढे सरकायचे. सायलस वॉर्नर यांनी १९८१ साली ॲपल टू संगणकासाठी लिहिलेला ‘कॅसल वुल्फेन्स्टाइन’ हा या जातीचा एक पूर्वज. त्यात नाझींच्या किल्ल्यातून शत्रूचा गणवेश चढवून निसटता येत असे. १९८७ साली जपानमध्ये हिदेओ कोजिमा यांनी ‘मेटल गिअर’ केला, त्यामागची अडचण कोणाही इंजिनिअरला आवडेल. खेळ ज्या एमएसएक्स-२ संगणकासाठी करायचा होता, त्याला पडद्यावर फार शत्रू आणि फार गोळ्या एकाच वेळी हलवणे झेपत नव्हते. मग कोजिमांनी युद्धच टाळण्याचा खेळ केला. यंत्राच्या दुबळेपणातून खेळाची एक जात पुढे आली!

पुढे १९९८ हे या जातीचे सुगीचे वर्ष ठरले. जपानमधून ‘तेन्चू’ आणि ‘मेटल गिअर सॉलिड’ आले, आणि इथून, आमच्या बोस्टनच्या नदीपलीकडच्या केंब्रिज गावातून, लुकिंग ग्लास स्टुडिओज या छोट्या कंपनीने ‘थीफ’ काढला. २००० साली ही कंपनी बंद पडली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ‘थीफ’मध्ये पडद्याच्या तळाशी एक मणी असतो. तुम्ही उजेडात असाल तसा तो उजळतो, अंधारात गेलात की काळवंडतो. गालिच्यावर पाऊल वाजत नाही, फरशीवर वाजते, पत्र्यावर तर फारच. शेवाळाचा बाण मारला तर कडक जमिनीवर मऊ शेवाळ पसरते आणि पाऊल दबते. पाण्याच्या बाणाने मशाल विझते, विजेचा दिवा विझत नाही. पहारेकऱ्याची नजर म्हणजे एकाआड एक ठेवलेले अदृश्य शंकू आहेत. समोर लांबवर पाहणारा अरुंद, आजूबाजूला जवळचे पाहणारा रुंद. त्याचा संशय पायरीपायरीने चढतो आणि काही घडले नाही तर तसाच उतरतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणत्या पायरीवर आहोत हे तो तोंडाने सांगतो. ‘कोण आहे तिकडे?’, ‘उंदीर असेल,’ अशा अर्थाचे काहीतरी पुटपुटत राहतो.

खऱ्या जगातला राखणदार असा स्वतःशी बडबडत फिरेल तर त्याची नोकरी जाईल. पण ती बडबड काढून टाका आणि खेळ संपला. मी कुठे चुकलो, किती चुकलो, अजून वाव आहे का, हे मला त्या बडबडीतूनच कळते. मुलाला तो मठ्ठ वाटला, पण माझ्या मते तो मठ्ठ नसून बोलका आहे.

याच्या उलट अनुभवही माझ्या गाठीशी आहे. पुण्यात शिकत असताना हॉस्टेलवर एकाच्या खोलीत संगणक होता आणि त्यावर २००० साली आलेला ‘प्रोजेक्ट आय.जी.आय.’ हा खेळ होता. आमच्या पिढीच्या अनेक इंजिनिअरांनी सबमिशनच्या आदल्या रात्री त्यावर जागून काढल्या असतील. त्यात मोहिमेच्या मध्ये खेळ राखून ठेवायची सोयच नव्हती. अर्धा तास सरपटत जावे, दूरच्या मनोऱ्यावरून एक गोळी यावी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आम्ही त्याला ‘एकदम रिअल’ म्हणत असू. खरोखरच्या लष्करी तळावर असेच होईल हे मान्य. पण आज आठवायला गेलो तर त्या खेळातला एकही पहारेकरी मला आठवत नाही. आठवतात ती मित्रांची आरडाओरड आणि खोलीतला मॅगीचा वास. ‘थीफ’मधल्या त्या भित्र्या, कुरकुऱ्या शिपायांचे आवाज मात्र वीस वर्षांनंतरही ओळखेन.

थोडी व्यवसायातली गोष्ट सांगतो. कुठल्याही राखणदाराच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. चोर नसताना ओरडणे ही एक, आणि चोर असताना गप्प राहणे ही दुसरी. संशयाचा उंबरठा खाली आणला तर पहिली चूक वाढते, वर नेला तर दुसरी. यंत्र तेच ठेवून दोन्ही चुका एकाच वेळी कमी करता येत नाहीत. त्यासाठी डोळे तरी चांगले लागतात, नाहीतर निरीक्षणाला जास्त वेळ द्यावा लागतो. गेल्या काही वर्षांत आम्ही संगणकवाल्यांनी नेमके तेच केले. कॅमेरे अधिक स्पष्ट पाहू लागले आणि पाहिलेले साठवून ठेवू लागले. असा राखणदार खेळात बसवणे अवघड नाही. पहारेकरी संगणकाच्याच पोटात राहतो; तुम्ही कुठे आहात हे त्याला विचारण्याचीही गरज नसते. त्याला आंधळा, बहिरा आणि विसराळू करायला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात, आणि खेळ रचणाऱ्याची कला तिथेच दिसते.

म्हणून या जातीचे उत्तम खेळ वास्तवाला बेधडक सोडचिठ्ठी देतात. ‘मेटल गिअर सॉलिड’मध्ये पहारेकऱ्याने पाहिले की त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह उमटते. ‘स्प्लिंटर सेल’ (२००२) मधला गुप्तहेर डोक्यावर तीन हिरवे लखलखते दिवे मिरवत अंधारात लपतो, आणि ते शत्रूला दिसत नाहीत. दिसतात फक्त आपल्याला, आपला माणूस कुठे आहे ते कळावे म्हणून. ‘मार्क ऑफ द निंजा’ (२०१२) मध्ये तर प्रत्येक आवाजाचे वर्तुळच पडद्यावर उमटते. वर्तुळ पहारेकऱ्यापर्यंत पोचले तर त्याने ऐकले, नाही पोचले तर नाही. आवाज डोळ्यांनी पाहणे याहून अवास्तव ते काय असणार? पण कानाने जे धड कळले नसते ते तिथे एका नजरेत कळते.

मग वास्तव नकोच का? तसेही नाही. मला वाटते, नियम कसाही असो, तो पाळला गेला पाहिजे. मशाल विझलेली पहारेकऱ्याला कळत नाही, ठीक आहे, पण मग ती कधीच कळता कामा नये. पहारेकरी बेशुद्ध सोबत्याला पाहून बोंब मारतो हा नियम असेल तर तो सर्वांना लागू हवा. जिथे हा करार मोडतो तिथे मला राग येतो. आणि करार उलट बाजूनेही मोडतो. अलीकडच्या कित्येक खेळांत एक बटण दाबले की भिंतीपलीकडची माणसे चमकू लागतात. ‘बॅटमन : अर्कहॅम असायलम’ (२००९) पासून ही साथच आली. ‘डिसऑनर्ड’ (२०१२) सारख्या एरवी देखण्या खेळातही ती आहे. मला हे पटत नाही. पहारेकरी समजावा इतपत मदत हवी. पण सगळेच दिसू लागले तर कान देऊन ऐकायचे कशाला आणि कोपऱ्यावर थबकायचे कशाला? चिरंजीवांचे मत वेगळे. ते म्हणतात, “नको असेल तर बटण दाबू नको.” असो.

एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवतो. ‘एलियन : आयसोलेशन’ (२०१४) मधला राक्षस ठरलेल्या फेऱ्या घालत नाही, बोलत नाही, त्याचा अंदाज लागत नाही. माझ्या सिद्धांताप्रमाणे हा खेळ फसायला हवा. तो फसला नाही. पण तिथेही पडद्यामागे एक व्यवस्थापक बसवलेला आहे. खेळणारा कुठे आहे ते त्याला ठाऊक असते, पण तो राक्षसाला नेमकी जागा न सांगता फक्त दिशा सुचवतो, आणि अति झाले की त्याला जरा दूर धाडतो. अगदी भीतीच्या खेळातही कोणीतरी मुद्दाम दुसरीकडे पाहते आहे!

‘हिटमॅन’ मालिकेचा २०१८ चा खेळ आपल्या मंडळींना विशेष गमतीचा वाटेल, कारण त्यात एक अख्खी मोहीम मुंबईत आहे. टक्कल, मानेमागे बारकोड, असा सहा फुटी गोरा मारेकरी तिथे कधी शिंप्याचा तर कधी न्हाव्याचा पोशाख घालून गर्दीतून फिरतो आणि जवळजवळ कोणालाच शंका येत नाही. मी पोट धरून हसलो. मग मला आमच्या वाड्यातला डबा ऐसपैस आठवला. आम्ही लपल्या जागी शर्टांची अदलाबदल करून कोपर तेवढे बाहेर काढायचो. ज्याच्यावर राज्य असे तो शर्टावरून नाव पुकारायचा, नाव चुकले की पुन्हा त्याच्यावरच राज्य! आग्र्याहून सुटकेची आपण शाळेत शिकलेली गोष्टही आठवा. पेटारे पहिले काही दिवस तपासले गेले, मग रोजचेच म्हणून तपासणी ढिली पडली. राखणदाराला जे पाहायची सवय असते तेच तो पाहतो, हे त्या बारकोडवाल्या विनोदामागचे खरे निरीक्षण आहे.

हे सगळे त्या दुपारी मी मुलाला जमेल तसे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाला, “म्हणजे रिअलिस्टिक वॉचमन बोअरिंग असतो. कळलं. तसा एक आपल्या घरीच आहे. तू काहीच विसरत नाहीस.”

त्याचा रोख मला कळला. त्याच्या फोनवर, तो कुठे आहे हे दाखवणारी सोय मी बसवून ठेवली आहे. नोव्हेंबरमध्ये लायब्ररीत जातो म्हणून तो मित्राकडे गेला होता. नकाशावरच्या ठिपक्याने मला ते सांगितले, आणि मी ते जेवताना काढले. एकदा नव्हे, अनेकदा. आपण लहानपणी शाळेला दांडी मारली की काकू, मास्तर, वाण्याचे दुकान असे पहारे होतेच. पण ते डुलक्या काढणारे, दोन दिवसांनी विसरणारे पहारे होते. ‘उंदीर असेल’ म्हणून सोडून देणारे. परक्या देशात मूल वाढवताना भीती वाटते, ती खोटी नाही. पण मी घरात बसवला होता तो मनोऱ्यावरून गोळी घालणारा शिपाई. आपण कुठे चुकलो हे त्याच्याकडून कळत नाही, आणि सुधारायला वावही राहत नाही.

ठिपका मी काढून टाकलेला नाही. तितके धैर्य नाही. शनिवारी दुपारी मात्र बघायचे नाही असे आमचे ठरले आहे, आणि नोव्हेंबरचा विषय बंद. पहिल्या शनिवारी चार वेळा हात फोनकडे गेला.

मुले काय खेळतात या काळजीत असलेल्या पालकांना एक सुचवतो. ‘थीफ’ सर्वांत कठीण पातळीवर खेळला तर बहुतेक मोहिमांत माणसाला मारायची मुभाच नसते. मुलाशेजारी तासभर बसून पाहा. आणि लपाछपीत ज्याच्यावर राज्य असते त्याला डोळे मिटून आकडे मोजावे लागतात, हेही आठवा. तो नियम कोणत्याच वास्तवात बसत नाही, पण त्याच्यावाचून खेळ सुरूच होत नाही.