टपालवाल्याचा प्रासाद

कलाकृतीची थोरवी सांगतांना तिच्यासाठीं किती कष्ट पडले हें आधीं सांगण्याची आपल्याकडे फार संवय आहे. परंतु कष्टांचा हिशेब आणि कलेचें मोल या निराळ्या गोष्टी होत. फ्रान्सच्या द्रोम जिल्ह्यांतील ओतरीव्ह या खेडेगांवच्या ‘आदर्श प्रासादा’विषयीं लिहितांना हा भेद आम्हांस प्रथमच नोंदवावासा वाटतो, कारण बांधणाऱ्यानेंच आपला हिशेब भिंतीवर कोरून ठेविला आहे : १०,००० दिवस, ९३,००० तास, ३३ वर्षें.

हा बांधणारा, फेर्दिनां शेवाल, टपाल वांटणारा शिपाई. १८७९ सालीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, फेरीवर असतां त्यास एका दगडाची ठेंच लागली. दगडाचा आकार इतका विलक्षण कीं त्यानें तो खिशांत घातला. पुढें आणखी वेंचले. तेव्हांपासून १९१२ पर्यंत हा गृहस्थ एकचाकी ढकलगाडीनें दगड आणी आणि रात्रीं दिव्याच्या उजेडांत ते चुना-सिमेंटनें जोडी. गांवानें त्यास वेडा ठरविलें, हें सांगावयास नकोच.

सुमारें २६ मीटर लांबीच्या या इमारतीच्या पूर्वेस सीझर, व्हर्सिंजेटोरिक्स व आर्किमिडीज यांचे राक्षसी पुतळे. पश्चिमेस मशीद, स्विस घर, मध्ययुगीन गढी आणि (वाचकांस कौतुक वाटेल) एक हिंदु मंदिर! तें कोणाहि हिंदूस ओळखूं येणार नाहीं. शेवालनें हिंदुस्थान पाहिलें नव्हतें. सचित्र मासिकांतून व चित्रांच्या कार्डांतून जें जग त्याच्या हातीं आलें, तेंच त्यानें येथें उतरविलें. प्रमाणबद्धता नाहीं, अलंकरणाचा सोस तर असा कीं छायाचित्रांतहि डोळा थकतो. हा दोष आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. पण हें ऐकीव जग त्यानें उसनें ठेविलें नाहीं. शिंपले व गारगोट्या यांच्या रचनेंतून सारे आकार एकाच हाताचे झाले आहेत.

१९३० नंतर आंद्रे ब्रतों व त्याच्या अतिवास्तववादी मंडळींनीं शेवालला डोक्यावर घेतलें. त्यांस त्यांतील स्वप्न दिसलें. गवंडीकाम दिसलें कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे. १९६९ सालीं मंत्री आंद्रे माल्रो यांनीं, आपल्याच खात्यांतील विरोध बाजूस सारून, प्रासादास संरक्षित स्मारक ठरविलें. आज तो गांवाच्याच मालकीचा असून वर्षास लाखाहून अधिक लोक तो पाहावयास येतात.

प्रासादांतच आपणांस पुरावें ही शेवालची इच्छा मात्र नाकारली गेली. तेव्हां अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या म्हाताऱ्यानें गांवच्या दफनभूमींत आणखी आठ वर्षें खपून स्वतःचें थडगें बांधलें. १९२२ सालीं तें पुरें झालें, आणि दोनच वर्षांनीं तो तेथें निजला. प्रासादाहून हें लहान काम आम्हांस अधिक सिद्ध वाटतें. दूरदेशचीं मंदिरें-मशिदी आणण्याची गरज त्यास येथें पडली नाहीं.