‘विंद’ आणि ‘विंदन’: जुन्या इंग्रजीतील वारा, श्वास आणि वेढा

जुन्या इंग्रजीत ‘विंद’ म्हणजे वारा आणि ‘विंदन’ म्हणजे वळणे, पीळ घालणे, वेढणे. हे दोन शब्द कानाला इतके जवळचे वाटतात की, वारा वळणे घेत वाहतो म्हणून त्यास हे नाव मिळाले असावे, असे अनुमान वाचकाच्या मनात सहज उभे राहते. अध्यापनाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत प्रस्तुत लेखकही वर्गात असेच सांगत असे. ही चूक केवळ कोशापुरती राहत नाही. ती एकदा स्वीकारली म्हणजे जेथे जेथे पिळाचे सोने किंवा वळणदार नाळेचे गलबत येईल, तेथे तेथे टीकाकारास वारा वाहताना दिसू लागतो आणि काव्यात नसलेला अर्थ काव्याच्या माथी मारला जातो. म्हणून या प्रश्नाचा थोडा बारकाईने विचार करणे अवश्य आहे.

व्युत्पत्तीचा निर्वाळा स्पष्ट आहे. ‘विंद’ हे मुळात ‘वाहणे’ या अर्थाच्या धातूचे वर्तमानकालवाचक धातुसाधित असून, त्याचा अर्थ ‘वाहणारा’ असा होतो. संस्कृतातील ‘वाति’ व ‘वात’ आणि लॅटिनमधील ‘व्हेंतुस’ हे त्याचे सगोत्र शब्द होत. जुन्या इंग्रजीत हाच धातू ‘वावन’ या क्रियापदाच्या रूपाने नांदत होता. ‘विंदन’चे कुळ याहून निराळे आहे. त्याचे प्रयोजक रूप ‘वेंदन’ होय, आणि आजच्या इंग्रजीत ‘गेला’ या अर्थी योजले जाणारे ‘वेंट’ हे या ‘वेंदन’चेच भूतकाळी रूप आहे. शिवाय ‘विंदन’ हे सबल क्रियापद असल्यामुळे त्याचा स्वर रूपागणिक पालटतो: विंदन, वांद, वुंदन. ‘विंद’ या नामाचा स्वर मात्र अढळ आहे. काव्यात बहुधा भेटते ते रूप ‘वुंदन’ किंवा ‘बेवुंदन’ हे, आणि त्यात वाऱ्याच्या नावातील स्वर ऐकूही येत नाही.

मराठी वाचकास हा प्रकार परका वाटू नये. समईतील ‘वात’ आणि वैद्यकातील ‘वात’ हे आपले दोन शब्द असेच आहेत. पहिला ‘वर्ति’पासून, म्हणजे वळण्याच्या धातूपासून आलेला, स्त्रीलिंगी, दुसरा ‘वा’ धातूपासूनचा, पुल्लिंगी. आपण वाती वळतो आणि वाताने हैराण होतो. पण समईची वात वाऱ्याने फडफडते म्हणून तिला हे नाव मिळाले, असे कोणी म्हणणार नाही. वर्गातील एका विद्यार्थ्याने हे उदाहरण पुढे केले, तेव्हाच प्रस्तुत लेखकास आपली चूक उमगली. वारा आणि पीळ यांची तीच जोडी, एकमेकांशी संबंध नसलेल्या रीतींनी, दोन भाषांत एका ध्वनीवर येऊन थांबली आहे. योगायोगाचा याहून बोलका दाखला मिळणे कठीण.

याच्या उलट, रूपाने दूर पडलेले काही शब्द कुळाने जवळचे ठरतात. श्वासवाचक शब्दांत हे विशेष दिसते. ‘ॲथ्म’ म्हणजे श्वास. जर्मनमधील ‘आटेम’ आणि आपला ‘आत्मन्’ यांच्याशी त्याचे नाते परंपरेने मान्य आहे. ‘ओरोथ’ म्हणजेही श्वासच. त्याच्या पोटात ‘प्राण’ आणि ‘अनिल’ यांतील ‘अन्’ धातू दडलेला आहे. ज्याचा वंशज आज इंग्रजीत श्वासाचा मुख्य वाचक आहे, त्या ‘ब्रॅथ’चा अर्थ मात्र त्या काळी वास, वाफ, उच्छिष्ट धूर असा होता, तेराव्या-चौदाव्या शतकांच्या सुमारास त्याने श्वासाचा अर्थ घेतला आणि ‘ॲथ्म’ला पदच्युत केले. ‘गास्त’ची कथा आणखी वेगळी. त्याच्या मुळाशी क्षोभाची कल्पना असावी. पण लॅटिन ‘स्पिरितुस’चा प्रतिशब्द म्हणून धर्मग्रंथांत त्याची योजना झाल्यावर श्वास आणि आत्मा या दोन्ही अर्थांचा भार त्याच्यावर पडला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील आठव्या वचनात मूळ ग्रीक शब्द वारा आणि आत्मा असा द्व्यर्थी आहे. पश्चिम सॅक्सन भाषांतरकाराने तेथे ‘विंद’ न घेता ‘गास्त’ घेतला आणि क्रियापद ‘ओरोथ’पासून बनवले, म्हणजे वारा सोडला, श्वास राखला. विल्यम टिंडलने १५२६ साली नेमके उलट केले. दोघांपुढेही अडचण एकच होती: ग्रीकातील श्लेष पेलणारा एक शब्द त्यांच्या भाषेत नव्हता.

आता काव्याकडे वळू. ‘बेओवुल्फ’मध्ये ‘वुंदन’ची संपत्ती विपुल आहे. गलबत ‘वुंदनस्तेव्ना’, म्हणजे वळणदार नाळेचे. घोडा ‘वुंदनफेआक्स’, म्हणजे गुंफलेल्या आयाळीचा. तलवार ‘वुंदनमॅल’, म्हणजे पिळाच्या नक्षीची. अखेरच्या दहनप्रसंगी ३१३४व्या ओळीत पिळाचे सोने गाड्यावर लादले जाते आणि ३१४६व्या ओळीत ‘विंदब्लोंद’, म्हणजे वाऱ्यांचा कल्लोळ, शांत होतो. या दोहोंत कवीने मुद्दाम सूत्र ओवले आहे, असे म्हणण्याचा मोह होईल. परंतु ‘पिळाचे सोने’ हा ठरीव शब्दबंध असून तो ११९३व्या ओळीतही येतो, आणि गाड्यासाठी ‘व’काराचाच शब्द असल्याने तेथे अनुप्रासाची गरज त्याने भागते. बारा ओळींच्या अंतरावरून या दोन शब्दांची गाठ बांधणे म्हणजे टीका नव्हे, कल्पनाविलास होय.

मात्र हाच निकष सर्वत्र लावून मोकळे होता येत नाही. एक्सेटर ग्रंथातील ३०वे कोडे पाहावे. हे कोडे त्या हस्तलिखितात दोनदा उतरले आहे, आणि त्याचे उत्तर ‘बेआम’, म्हणजे वृक्ष, तुळई व क्रूस, असे मानले जाते. त्याच्या पहिल्या ओळीच्या शेवटी ‘विंदे’ आणि दुसरीच्या आरंभी ‘बेवुंदन’ अशी शब्दरूपे येतात: वाऱ्यासंगे खेळणारा, वैभवाने वेढलेला. पहिल्या ओळीचा अनुप्रास ‘ल’काराचा आहे; तेथे ‘व’काराची छंदास गरज नाही. म्हणजे ओळीच्या शेवटी वाऱ्याचा ‘व’ निष्कारण उमटतो आणि लगेच पुढल्या ओळीचा अनुप्रास होऊन बसतो. गंमत अशी की, त्या दुसऱ्या ओळीतील ‘वेदेर’, म्हणजे हवामान, हा शब्द परंपरेने ‘विंद’च्याच धातूशी जोडला जातो. खरा भाऊबंद ओळीच्या पलीकडच्या टोकास आणि परका शब्द शेजारी, अशी ही मांडणी आहे. येथे कवीच्या कानाने या शब्दांना एकत्र आणले, हे मान्य करावेच लागेल. परंतु हे नाते जन्माचे नव्हे, शेजाराचे आहे. ते त्या दोन ओळींपुरते खरे आहे, भाषेपुरते नाही.

भाषेत या शब्दांची खरी सरमिसळ झाली ती पुष्कळ नंतर. जुन्या इंग्रजीच्या उत्तरकाळात ‘न्द’ या जोडाक्षरापूर्वीचा स्वर दीर्घ झाला. क्रियापदात तो दीर्घ राहून पुढे ‘वाइंड’ झाला, तर नामात जोडशब्दांच्या प्रभावाने ऱ्हस्व उच्चार पुन्हा रूढ झाला. मधल्या काळात शिंग फुंकणे या अर्थी नामापासून एक नवे क्रियापद निघाले. त्याचा भूतकाळ नियमित हवा. पण वॉल्टर स्कॉटने १८१०च्या आपल्या ‘द लेडी ऑफ द लेक’ या काव्यात तो ‘वाउंड’ असा, वळण्याच्या क्रियापदाचा, योजला. शिंग येथे फुंकलेही जाते आणि वळवलेही जाते. हा संकर एकोणिसाव्या शतकातील कवीच्या लेखी वास्तव आहे; आठव्या-दहाव्या शतकांतील कवीवर तो लादणे हा कालविपर्यास होय.

टोरांटो येथील जुन्या इंग्रजीच्या नव्या कोशाचे काम वर्णानुक्रमाने चालू असून ते अद्याप या शब्दांच्या वर्णापर्यंत पोचलेले नाही. तोवर बॉसवर्थ व टॉलर यांच्या १८९८च्या कोशावरच आपली भिस्त राहणार. अशा स्थितीत अभ्यासकाने प्रत्येक स्थळी दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: हे शब्द एका कुळातले आहेत काय, आणि कवीने त्यांना येथे एकत्र बसवले आहे काय? पहिल्याचे उत्तर व्युत्पत्ती देईल, दुसऱ्याचे ओळच देईल. एकाचे उत्तर दुसऱ्यास देऊ नये, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.