नोझिकशी मी कुठवर सहमत?

लिबर्टेरियन विचाराचं सगळ्यात धारदार पुस्तक म्हणजे रॉबर्ट नोझिकचं 'अनार्की, स्टेट अँड युटोपिया' (१९७४). सुरुवातीला मी मान डोलावत वाचत गेलो. माझं शरीर माझं. मी काय खावं, काय बोलावं, कुणावर प्रेम करावं हे सरकारने ठरवू नये. इथे भांडण नाही.

अडतं ते मालकीपाशी. कष्टाच्या कमाईवरचा कर नोझिक वेठबिगारीच्या पंक्तीत बसवतो. न्याय्य मार्गाने मिळवलेलं आणि राजीखुशीने हस्तांतरित झालेलं, ते ज्याचं त्याचं. बिनतोड वाटतं. पण 'न्याय्य मार्गाने' हे ठरवायचं कुणी?

महाडचं चवदार तळं आठवा. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब तिथलं पाणी प्यायले. त्यानंतर काही सवर्ण कोर्टात गेले. त्यांचा एक दावा होता, तळं खासगी मालकीचं आहे! १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात ते हरले. म्हणजे मालकीहक्क ही दर वेळी व्यक्तीची ढाल नसते; कधी ते जातीचं कुंपणही असतं.

गंमत म्हणजे नोझिकला हे कळतं. जुन्या अन्यायाची भरपाई हे त्याचं तिसरं तत्त्व. त्यासाठी काही काळ मोठं सरकारही लागेल, असं तो मान्य करतो. पण ते तत्त्व उलगडून दाखवत नाही. पुस्तकातली सगळ्यात मोठी उणीव हीच.

म्हणून माझा हिशेब: देह, विचार, बोलणं यांवर पूर्ण सहमत. मालमत्तेचं म्हणाल, तर आधी सातबाऱ्यामागचा इतिहास दाखवा, मग बोलू.