‘स्मृतिचित्रे’ : भावना, तर्क आणि सत्यशोध

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राची गणना मराठीतील श्रेष्ठ ग्रंथांत होते. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ आपल्या जिल्ह्याला विशेष जवळचा आहे. कारण त्यातील राहुरी आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आपल्या रोजच्या वाटेवरचे आहेत. मात्र त्याविषयी एक समजूत पुष्कळांच्या मनात असते. रेव्हरंड नारायण वामन टिळक पंडित, म्हणून ते विचाराने ख्रिस्ताकडे गेले. लक्ष्मीबाई शाळा न पाहिलेल्या, म्हणून त्या केवळ प्रेमापोटी पतीच्या मागे गेल्या. ग्रंथ लक्षपूर्वक वाचला तर ही वाटणी टिकत नाही.

टिळकांचा व्यासंग मोठा होता, यात शंका नाही. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. तो त्यांनी चिकित्सकपणे वाचला. परंतु त्यांचे अंतःकरण जिंकले ते प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनाने. लक्ष्मीबाईंनी रेखाटलेले टिळक क्षणात पेटणारे, हातचे सहज देऊन टाकणारे, मनात येईल तेव्हा घराबाहेर पडणारे कवी आहेत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्या निर्णयाचा आघात मागे राहिलेल्या पत्नीने सोसला.

लक्ष्मीबाईंना प्रेमाने पतीच्या घरापर्यंत आणले, श्रद्धेपर्यंत नव्हे. जलालपूरला वडिलांच्या कमालीच्या सोवळ्यात त्यांचे बालपण गेले होते. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या टिळकांकडे परतल्या, तरी खाण्यापिण्याचा विटाळ पाळीतच राहिल्या. हे सोवळे मोडले ते कोणाच्या आग्रहाने नव्हे. एके दिवशी त्यांच्या मनाने साधा प्रश्न घेतला : जात देवाने निर्माण केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसामाणसांच्या देहात त्याने काही भेद ठेवला नसता काय? जन्म, मरण, इंद्रिये, सुखदुःखे तर सर्वांची सारखीच! हा निखळ तर्क आहे. निष्कर्ष निघताच कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांनी निश्चय केला. पुढे १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मग सारे श्रेय तर्काचे म्हणावे काय? तेही खरे नाही. हा प्रश्न त्यांना रिकामपणी सुचलेला नव्हता. सोवळ्याच्या धाकात गेलेले बालपण, विरहाचे दुःख आणि पतीवरील ओढ यांनी तो त्यांच्या जिवाशी आणून ठेवला होता. भावनेने प्रश्न जागा ठेवला आणि तर्काने वाटेतील धोंड दूर केली. एकट्या भावनेने त्या आयुष्यभर शेजारी राहूनही परक्या राहिल्या असत्या. एकट्या तर्काला उठून पाणी पिण्याचे बळ आले नसते.

संत जॉन हेन्री न्यूमन यांनी १८७० मध्ये लिहिलेल्या संमतिविषयक ग्रंथात दोन प्रकारच्या संमती वेगळ्या केल्या आहेत. एक केवळ कल्पनेला दिलेली, दुसरी प्रत्यक्ष वस्तूला दिलेली. पहिली माणसाला जागचे हलवीत नाही. दुसरी त्याचे जीवन बदलते. लक्ष्मीबाईंची संमती दुसऱ्या प्रकारची होती. तिची परीक्षा स्वयंपाकघरात आणि पाण्याच्या भांड्यापाशी झाली.

ग्रंथात एक उणीव मात्र जाणवते. जात कशी गळाली हे लक्ष्मीबाई स्वच्छ सांगतात. पण ख्रिस्त त्यांना कोण वाटला याचे तात्त्विक विवेचन फार थोडे आढळते. धर्मशिक्षण घेतलेल्या वाचकाला येथे अपुरेपणा वाटणे स्वाभाविक आहे. तथापि या मौनामुळेच ग्रंथाचा प्रामाणिकपणा वाढला आहे. जे स्वतः अनुभवले नाही ते त्यांनी शोभेसाठी लिहिले नाही.

आता प्रश्न आपला आहे. आपण सारे एका पित्याची लेकरे आहोत, हे आपल्याला प्रश्नोत्तरीच्या वयापासून पाठ असते. हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत आपले डोळेही भरून येतात. म्हणजे सिद्धान्त आहे आणि भावनाही आहे. तरीही मुलामुलीचे लग्न ठरविताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न आपल्या घरांत दबक्या आवाजात विचारला जातो. भारतातील कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मधील दलित सबलीकरणाच्या धोरणात ख्रिस्तसभेतील जातिभेदाची कबुली दिली आहे. आपला सिद्धान्त मस्तकात राहतो, भावना यात्रेत राहते आणि दोघांची भेट घराच्या उंबरठ्यावर होत नाही.

‘स्मृतिचित्रे’ ही भेट घडवून आणते. हा ग्रंथ आपल्या कुटुंबांनी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर थोडाथोडा मोठ्याने वाचावा. त्यातील विनोदाला मनमोकळे हसावे. आणि तो जातीविषयीचा प्रसंग आला की क्षणभर थांबून, जो प्रश्न त्या माउलीने एकटीने स्वतःला विचारला, तो आपणही स्वतःला विचारावा.