मोकळी जागा आणि रिकामा ताबा : संगणकीय साठवणुकीच्या एका संज्ञेची चिकित्सा

तांत्रिक परिभाषेची चिकित्सा हा समीक्षेचा प्रांत नव्हे, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः परिभाषा रूपकांचीच बनलेली असते, आणि रूपक फसले की व्यवहारही फसतो. प्रस्तुत लेखात ‘रिक्लेम’ या एकाच शब्दाचा विचार केला आहे. मोठ्या संस्थांच्या संगणकीय साठवणुकीत पुसलेल्या मजकुराची जागा परत मिळवण्याच्या क्रियेला तो लावला जातो. या क्रियेत दोन पक्ष असतात. शब्द मात्र एकच पक्ष दाखवतो, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम क्रिया समजून घ्यावी. ‘थिन प्रोव्हिजनिंग’ ही पद्धत या शतकाच्या प्रारंभी बाजारात आली. समजा, एका महाविद्यालयाजवळ प्रत्यक्ष दहा टेराबाइट जागा आहे. पाच विभागांना प्रत्येकी चार टेराबाइट दिल्याचे सांगितले जाते. वचन विसाचे, ऐवज दहाचा. मजकूर लिहिला जाईल तसतशी खरी जागा पुरवली जाते, आणि सगळेच एकदम मागणार नाहीत या भरवशावर कारभार चालतो. येथवर ठीक. परंतु एखाद्या विभागाने जुन्या फायली पुसल्या म्हणजे काय होते? त्याच्या सर्व्हरवरील फाइल सिस्टिम आपल्या वहीत ‘मोकळे’ अशी नोंद करते. खाली असलेल्या स्टोरेज ॲरेची वही निराळी असते. तिला या नोंदीचा पत्ता नसतो. तिच्या लेखी ते ब्लॉक अद्याप व्यापलेलेच. अशा रीतीने वरच्या वहीत जागा शिल्लक दिसत असतानाच खालचा साठा संपू शकतो. तो संपला की लेखन थांबते, आणि ज्या विभागाने काटकसर केली त्याचेही थांबते.

या दोन वह्यांमधला निरोप म्हणजे ‘अनमॅप’ ही आज्ञा. हा निरोप नव्हता तेव्हाचा उपाय मोठा विलक्षण होता. मोकळी जागा शून्यांनी भरून काढावयाची, म्हणजे शून्ये ओळखू शकणारा ॲरे ती परत घेईल. रिकामेपण सिद्ध करण्यासाठी आधी भरणे आले! ज्या ॲरेला शून्ये ओळखता येत नाहीत, तेथे या उपायाने उरलासुरला साठाही खर्ची पडे. पुढे निरोप आला तरी प्रश्न मिटला नाही. व्हीएमवेअरने २०११ मध्ये व्हीस्फिअर ५.० या आवृत्तीत तो आपोआप धाडण्याची सोय केली. पण कित्येक ॲरे त्या एकदम आलेल्या ओझ्याखाली मंदावले आणि सोय मागे घ्यावी लागली. २०१६ च्या ६.५ आवृत्तीत ती परतली, ती मुद्दाम संथ केलेली. लिनक्सवरही पुसताक्षणी कळवण्यापेक्षा ठरावीक काळाने एकदाच कळवण्याकडे कल दिसतो.

आता शब्दाकडे वळू. मुंबईकराला ‘रेक्लमेशन’ म्हटले की समुद्र हटवून केलेला भराव आठवतो. जी जमीन कधी नव्हतीच ती मिळवणे, हा त्याचा अर्थ. (१८६५ मध्ये बॅकबे भरावाच्या शेअरांनी शहराला बुडवले, तेही ऐवजाहून वचन मोठे झाल्यामुळेच, पण तो विषय वेगळा.) या शब्दात घेणारा पराक्रमी असतो आणि देणारा कोणी नसतोच. साठवणुकीत नेमके उलट आहे. येथे देणाऱ्याने सांगितल्यावाचून घेणाऱ्याला काहीही घेता येत नाही.

हा व्यवहार नीट सांगणारी भाषा भरावापासून थोड्याच अंतरावर, गिरगावात, आहे. खोताची वाडी आणि तिच्या भोवतालच्या चाळी यांत घराविषयी बोलताना तीन शब्द वेगळे राखले जातात : खोली मोकळी असणे, खोली रिकामी करणे आणि ताबा देणे. बिऱ्हाड उपनगरात गेले, दाराला कुलूप लागले, तरी पागडीची खोली मालकाकडे परतत नाही. किल्ली हाती पडेपर्यंत ती भाडेकरूचीच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने, सबळ कारणावाचून सलग सहा महिने जागा वापरात नसल्यास मालकाला दावा लावण्याची वाट दिली आहे. पण बंद दार पाहून ताबा आपोआप फिरेल, असे कायदा मानत नाही. करारनाम्यातील ‘रिकामा ताबा’ या दोन शब्दांत रिकामे करणारा आणि ताबा घेणारा दोघेही उभे आहेत. ‘रिक्लेम’साठी ‘पुनःप्राप्ती’ हा प्रतिशब्द योजणाऱ्यांनी मूळ शब्दाचा दोष तेवढा संस्कृतात नेला. ‘ताबा देणे’ म्हटले असते तर प्रश्न आपोआप उभा राहिला असता की, देणार कोण?

रूपक ताणण्याला अर्थातच मर्यादा आहे. वाडीत एकेकाळी पासष्टच्या आसपास घरे होती असे सांगतात. आज तिशीच्याही आत उरली आहेत. तेथील बंद घराला परतणारा माणूस असू शकतो, आणि घाईने घेतलेला ताबा हा तेथे अन्याय ठरेल. पुसलेल्या ब्लॉकला परतणारा कोणी नसतो. मात्र त्यात मागे राहिलेले सामान असते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. विद्यार्थ्यांचे जातीचे दाखले, वैद्यकीय प्रमाणपत्रे, बँकेचे तपशील फाइल सिस्टिममधून गेले तरी ॲरेवर तसेच असतात, आणि ॲरेच्या प्रतींबरोबर दुसरीकडे जातातही. निरोप पोहोचल्यावर ते वाचायला गेल्यास सामान्यतः शून्ये मिळतात. चकतीवरील अक्षरे त्याच क्षणी नष्ट होतील असे मात्र नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने हेतू संपल्यावर असा मजकूर पुसून टाकण्याचे कर्तव्य सांगितले आहे. ‘पुसला’ हे कोणत्या वहीवरून म्हणावयाचे, हा प्रश्न त्यामुळे केवळ शब्दांचा राहत नाही.

खरेदीच्या निविदेत ‘स्पेस रिक्लमेशनची सोय आहे काय?’ असा रकाना असतो. विक्रेता त्यापुढे ‘होय’ लिहितो आणि तो खोटे लिहीत नसतो. सोय ॲरेमध्ये असते. निरोप धाडावयाचा असतो सर्व्हरने, आणि सर्व्हर बहुधा दुसऱ्याच कंत्राटात असतो.